थेंबांचा हिशेब

पाण्यात विरघळलेला एखादा पदार्थ वेगळा काढायचा असतो. पाणी उकळून तो निघत नाही, किंवा उकळण्याचं इंधन परवडत नाही. अशा वेळी पाण्यात न मिसळणारा दुसरा द्रव मदतीला घेतात. उभ्या कॉलममध्ये वरून पाणी आणि खालून हलकं सॉल्व्हंट थेंबाथेंबाने सोडतात. थेंब वर चढता चढता पाण्यातला पदार्थ आपल्यात ओढून घेतात आणि माथ्यावर पोचून एकमेकांत मिसळतात. हे लिक्विड-लिक्विड एक्स्ट्रॅक्शन. पेनिसिलिन किण्वनाच्या पाण्यातून ब्युटिल अ‍ॅसिटेटमध्ये असंच ओढून घेतात. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात १९६४ साली सुरू झालेल्या प्लुटोनियम प्लँटचा पायाही हाच आहे: वापरलेलं इंधन नायट्रिक आम्लात विरघळवायचं आणि युरेनियम-प्लुटोनियम ट्रायब्युटिल फॉस्फेटमध्ये उचलायचं.

हा विषय मी नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो, मुंबईच्या बाजूच्या कारखान्यांत त्यावर पोट भरलं, आणि आता वर्ध्याला परत येऊन मुलांना शिकवतो. वस्तू वेगळी काढण्याचा शास्त्रशुद्ध विचार या गावाला नवा नाही. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथेच स्थापन झाला, आणि मगनवाडीत झव्हेरभाई पटेलांनी तेलघाणीवर जे काम केलं त्यातून सुधारलेली वर्धा घाणी निघाली. माझ्याकडे येणारी मुलं आर्वीची, पुलगावची, हिंगणघाटची. संगणकावर कॉलमचं मॉडेल ती आठवड्यात उभं करतात. ते मॉडेल खरं कधी मानायचं, हे सांगायला मात्र वेळ लागतो. त्यासाठी हे टिपण.

१. आधी आवक-जावक जुळवा

प्रयोगाला बहुधा अ‍ॅसिटोन घेतात. टोल्युइन, अ‍ॅसिटोन आणि पाणी या त्रिकुटाची शिफारस युरोपातल्या रासायनिक अभियंत्यांच्या महासंघाने एक्स्ट्रॅक्शनच्या चाचण्यांसाठी केलेली आहे. त्याचे गुणधर्म छापील मिळतात, आणि जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेशी आपले आकडे ताडून बघता येतात. कॉलममध्ये किती अ‍ॅसिटोन गेलं आणि दोन्ही टोकांनी मिळून किती बाहेर आलं, हे आधी लिहा. यात पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुढचं सगळं गणित थांबवा.

आमच्याकडे हा फरक एप्रिल-मेमध्ये वाढतो. अ‍ॅसिटोन ५६ अंशाला उकळतं आणि वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. नमुन्याची बाटली टेबलावर झाकणाविना राहिली की तिच्यातलं अ‍ॅसिटोन उडालंच. मॉडेल मात्र इमानदारीने ते उडालेलं अ‍ॅसिटोन थेंबात शोधत बसतं आणि मास ट्रान्सफरचा गुणांक, म्हणजे पदार्थ किती झपाट्याने थेंबात जातो तो आकडा, वाढवून देतं. बर्फाची पेटी, घट्ट बूच आणि नमुना काढल्याबरोबर तपासणी, एवढं केलं की ताळेबंद जुळतो.

२. थेंब डोळ्यांनी बघा

पदार्थ एका द्रवातून दुसऱ्यात जातो तो थेंबाच्या पृष्ठभागावरून. एक घनमीटर कॉलममध्ये १० टक्के जागा थेंबांनी व्यापली असेल आणि थेंब २ मिलिमीटरचे असतील, तर पृष्ठभाग ३०० चौरस मीटर भरतो. थेंब १ मिलिमीटरचे झाले की तोच ६०० होतो. म्हणून थेंबाच्या आकारात चुकलेला माणूस पुढे सगळीकडे चुकतो.

सरासरी काढताना तर फार जपायला हवं. समजा फोटोत १०० थेंब आहेत, ९० थेंब १ मिलिमीटरचे आणि १० थेंब ४ मिलिमीटरचे. साधी सरासरी येते १.३. पण आपल्याला हवी असते आकारमान आणि पृष्ठभाग यांच्या गुणोत्तरातून येणारी, साउटर यांच्या नावाची सरासरी. ती येते २.९. त्या दहा मोठ्या थेंबांतच एकूण सॉल्व्हंटचा ८८ टक्के भाग असतो. फोटो काढणारा पोरगा हे दहा थेंब ‘बाकीच्यांसारखे नाहीत’ म्हणून गाळून टाकतो, आणि कॉलमचं सगळं वागणं त्या दहांनी ठरवलेलं असतं.

फोटोबद्दल एक कामाची गोष्ट. गोल काचेतून थेंब आडवे पसरलेले दिसतात. कॉलमभोवती पाण्याने भरलेली चौकोनी काचेची पेटी बसवली की ही विकृती बरीचशी जाते.

आणि हो, पदार्थ कुठल्या दिशेने जातोय ते लिहून ठेवा. अ‍ॅसिटोन थेंबातून पाण्यात जात असेल तर थेंब पटापट एकमेकांत मिसळून मोठे होतात. पाण्यातून थेंबात येत असेल तर लहान राहतात. द्रव तेच, कॉलम तोच, पंपाची गती तीच. तरी थेंब वेगळे. दोन थेंब जवळ येतात तेव्हा मधल्या पातळ पडद्यातला पृष्ठताण अ‍ॅसिटोनच्या कमी-जास्त प्रमाणाने बदलतो, आणि त्यामुळे तो पडदा निचरतो तरी किंवा टिकतो तरी.

३. होल्डअप थांबवून मोजा

थेंबांनी कॉलमचा किती भाग व्यापलाय, तो होल्डअप. सगळे व्हॉल्व्ह एकदम बंद करायचे, थेंब वर गोळा होऊ द्यायचे आणि सॉल्व्हंटचा थर पट्टीने मोजायचा. याहून भरवशाची पद्धत मला माहीत नाही.

होल्डअपचं गणित गेलर, रॉबर्ट्स आणि प्रॅट यांनी १९५० च्या दशकात मांडलं ते अजून चालतं. थेंब आणि पाणी यांच्या वेगातला फरक होल्डअपवर अवलंबून असतो. थेंबांची दाटी वाढली की प्रत्येकाचा चढण्याचा वेग मंदावतो, वेग मंदावला की दाटी आणखी वाढते. एका मर्यादेपलीकडे सॉल्व्हंट वर जायचंच नाकारतं आणि पाण्याबरोबर खालून बाहेर पडू लागतं. हे फ्लडिंग.

एका कारखान्यात कॉलमवर काम करणारा आमचा ऑपरेटर मूळचा देवळीकडचा होता. पॅनेलवरचे आकडे अजून ठीक दिसत असताना तो काचेच्या खिडकीतून बघून सांगायचा, “साहेब, थेंब खालीच थांबून रायले, वर जातच नाई. आता भरते हा.” आणि थोड्या वेळात दाबाचा काटा हलायचाच. त्याला दिसत होता तो होल्डअपच्या वक्राचा माथा, जिथे प्रवाह अगदी थोडा वाढवला तरी होल्डअप उडी मारतो. मॉडेल त्या माथ्याच्या अगदी जवळ चालवलं की उत्तर सुंदर येतं, पण प्रत्यक्षात कॉलम तिथे कुणी चालवत नाही. फ्लडिंगच्या साधारण ७० ते ८० टक्क्यांवर थांबतात. मॉडेल तपासायचं ते याच टापूत.

४. थेंबाच्या आत किती वेळ लागतो, याचा अंदाज कागदावर करा

द्रवांत विसरण फार हळू होतं. २ मिलिमीटरच्या थेंबाच्या आत हालचालच नसेल, तर केंद्रापर्यंत पदार्थ पोचायला लागणारा काळ हजार सेकंदांच्या घरातला. आणि तो थेंब पाण्यातून सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर चढतो, म्हणजे २ मीटरचा मोकळा कॉलम २० सेकंदांत पार. एवढ्या वेळात न्यूमन यांच्या १९३१ च्या सूत्राने निश्चल थेंब, बाहेरून काही अडथळा नाही असं धरूनही, त्याला शक्य असलेल्या बदलाच्या फार तर ४२ टक्क्यांपर्यंत पोचतो. थेंबाच्या आत द्रव गोल फिरत असेल तर क्रोनिग आणि ब्रिंक यांनी १९५० मध्ये दाखवल्याप्रमाणे विसरण सुमारे अडीच पट झाल्यासारखं भासतं, आणि तोच आकडा ६० टक्क्यांजवळ जातो. थेंब डुचमळू लागला तर आणखी पुढे.

मग निश्चल मानायचा की फिरता? हे पुस्तक ठरवत नाही, स्वच्छता ठरवते. साबणाचा अंश, पंपाच्या सीलमधलं ग्रीस, रबरी नळीतून उतरलेलं काहीतरी, असल्या गोष्टी थेंबाच्या पृष्ठभागावर जमतात आणि आतलं फिरणं बंद पाडतात. म्हणून शुद्ध रसायनांवर बसवलेलं मॉडेल कारखान्यातल्या द्रवांना लावण्याआधी कारखान्यातल्या द्रवाचा एकच थेंब काचेच्या नळीत सोडून बघावा. एका थेंबाचा प्रयोग स्वस्त असतो आणि पूर्ण कॉलमच्या महिनाभराच्या कामाइतकं शिकवून जातो.

५. सगळं पाणी सरळ खाली येत नाही

माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे.

जुन्या रीतीने, म्हणजे कोलबर्न यांनी १९३९ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीने, कॉलमची उंची काढताना दोन्ही द्रव शिस्तीत एकमेकांच्या विरुद्ध जातात असं धरतात. प्रत्यक्षात थेंब आपल्या मागे पाणी वर ओढत नेतात, काही कॉलममध्ये ढवळायला बसवलेल्या फिरत्या चकत्या पाण्याचे भोवरे करतात, आणि खाली येणारं पाणी पुन्हा थोडं वर जातं. गिरडच्या टेकडीवर चढणाऱ्या रांगेतला प्रत्येकजण दहा पावलं वर गेला आणि चार पावलं मागे आला, तर रांगेच्या पुढच्या आणि मागच्या माणसांतला फरकच पुसट होईल. कॉलममध्ये पुसट होतो तो सांद्रतेतला फरक. पदार्थाला थेंबात ढकलणारा जोर म्हणजे तोच फरक. तो घटला की तेवढंच काम करायला उंची वाढवावी लागते. मोठ्या व्यासाच्या कॉलममध्ये अर्ध्याहून अधिक उंची निव्वळ या बॅकमिक्सिंगची भरपाई करण्यात जाऊ शकते.

स्लायशर यांनी १९५९ मध्ये आणि मियाउची व व्हर्म्युलेन यांनी १९६३ मध्ये हे गणितात आणलं. सरळ प्रवाहावर अक्षीय विसरणाचं एक पद चढवायचं, इतकंच. पण त्या समीकरणाला दोन्ही टोकांना अटी लागतात, आणि त्या डँकवर्ट्स यांच्या १९५३ च्या निबंधाने रूढ केल्या. त्या अटीतून एक विलक्षण गोष्ट निघते: पाणी कॉलममध्ये शिरताक्षणी त्याची सांद्रता धाडकन खाली येते, कारण आत आधीच मिसळून पातळ झालेलं पाणी त्याची वाट बघत असतं. पहिल्यांदा हे पाहणाऱ्या मुलाला प्रोग्राम बिघडला असं वाटतं. बिघडलेला नसतो. प्रवेशापाशी ती उडी दिसत नसेल तर उलट शंका घ्यावी.

हे डँकवर्ट्स म्हणजे १९४० मध्ये लंडनवर पडलेले जर्मन सुरुंग निकामी केल्याबद्दल जॉर्ज क्रॉस मिळालेले गृहस्थ. त्यांच्याकडे केंब्रिजला संशोधन करून मनमोहन शर्मा १९६४ मध्ये मुंबईच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत, म्हणजे माटुंग्याच्या आजच्या आयसीटीत, प्राध्यापक म्हणून आले. त्यांचे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी यांनी द्रवांच्या प्रवाहावर आणि मिश्रणावर आयुष्यभर काम केलं. महाराष्ट्रात या विषयाला जे बळ आलं त्याची ही वंशावळ आहे, आणि ती मी वर्गात आवर्जून सांगतो. हे काम करणारी माणसं दादर-माटुंग्याला लोकलमधून उतरून येत होती, हे विदर्भातल्या मुलाला कळायलाच हवं.

६. एका आकड्यातून दोन अज्ञात निघत नाहीत

कॉलममधून बाहेर येणाऱ्या पाण्यात अ‍ॅसिटोन किती, हा एक आकडा. मॉडेलमध्ये न कळलेल्या गोष्टी किमान दोन: मास ट्रान्सफरचा गुणांक आणि बॅकमिक्सिंग. गुणांक जास्त व मिश्रण जास्त धरा, किंवा दोन्ही कमी धरा. बाहेरचा आकडा तोच येतो. संगणकाला यातली कुठलीही जोडी द्या, तो आलेखावरचा बिंदू रेषेवर बरोबर बसवून देईल.

लहान कॉलमवर याने काही अडत नाही. अडतं मोठा कॉलम बांधताना, कारण व्यास वाढला की गुणांक जवळपास तसाच राहतो आणि बॅकमिक्सिंग वाढतं. ज्याने सगळा दोष गुणांकावर घातला त्याचा मोठा कॉलम आखूड पडणार. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या, आणि तेही आधी मिश्रण.

पाण्याच्या प्रवाहात थोडं मिठाचं पाणी पिचकारीने सोडायचं आणि खाली दोन ठिकाणी विद्युतवाहकता नोंदवायची. दोन ठिकाणी अशासाठी, की पिचकारी क्षणार्धात मारता येत नाही. दोन वक्रांच्या फैलावातला फरक घेतला की पिचकारीचा दोष निघून जातो. मीठ थोडंच घ्यावं, नाहीतर जड खारं पाणी स्वतःच्या वजनाने खाली धावतं. ही चाचणी थेंब वाहत असतानाच करायची. नुसत्या पाण्यावर केलेल्या चाचणीचा इथे काही उपयोग नाही.

मग कॉलमच्या उंचीवर मधे मधे नमुने घ्यायचे. यातही कसब लागतं. नळीत दोन्ही द्रव एकत्र आले तर नमुना बाहेर येईपर्यंत अ‍ॅसिटोन एकातून दुसऱ्यात जातच राहतं. सॉल्व्हंट हवं असेल तर टेफ्लॉनची उपडी वाटी लावावी, तिला सॉल्व्हंट चिकटतं. पाणी हवं असेल तर काचेची बारीक नळी. चार-पाच उंचींवरचे असे नमुने मिळाले की सांद्रतेचा वक्र हातात येतो. बाहेरचा एक आकडा कुठल्याही जोडीने जुळतो, पण हा वक्र प्रवेशाच्या उडीसकट जुळवायचा तर बहुतेक जोड्या गळून पडतात. माझ्याकडच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये हा वक्र लागतोच. नसेल तर मी सही करत नाही.

७. पाण्याचंही नाव लिहा

डिसेंबरातल्या २० अंशाच्या पाण्याची स्निग्धता १ मिलिपास्कल-सेकंद असते, ४० अंशाला ती ०.६५. म्हणजे मे महिन्यात तोच कॉलम वेगळ्या द्रवावर चालतो. तापमानाचा रकाना नसलेली वही मी उघडत नाही. आणि बोअरचं पाणी वापरू नका. आपल्या काळ्या खडकातल्या पाण्यात क्षार असतात, आणि क्षारांनी थेंबांचं एकमेकांत मिसळणं बदलतं. शुद्ध पाणी घ्या आणि प्रयोगाआधी दोन्ही द्रव एकमेकांनी संपृक्त करा.

८. थेंबांची जनगणना, पण बेताने

सगळे थेंब एकाच मापाचे धरले तर मोठे थेंब घाईने पुढे निघून जातात ही गोष्ट हरवते. ती धरायची तर प्रत्येक मापाच्या थेंबांचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो: किती फुटले, किती जुळले. या गणिताला आज जगभर जे रूप आहे ते घडवण्यात दोराईस्वामी रामकृष्ण यांचा मोठा वाटा, आणि तेही मुंबईच्या यूडीसीटीचेच विद्यार्थी. गणित देखणं आहे. फुटण्याचे आणि जुळण्याचे स्थिरांक मात्र आपल्या द्रवांवर मोजलेले हवेत. दुसऱ्याच्या ढवळभांड्यातले उचलू नयेत.

९. कॉलम निवडताना दुरुस्ती कोण करणार ते विचारा

अणुइंधनाच्या कामात स्पंदित कॉलम वापरतात. आत भोकं पाडलेल्या स्थिर तबकड्या, आणि पूर्ण द्रवालाच खालून ठोके. नेहमीच्या मापात भोक ३ मिलिमीटरचं, तबकड्यांतलं अंतर ५ सेंटिमीटर. आत हलणारा एकही भाग नाही, कारण किरणोत्सर्गामुळे आत हात घालणं शक्य नसतं. वॅन डायक यांनी ही कल्पना १९३५ मध्येच पेटंट केली होती. ठोके फार कमी झाले तरी हा कॉलम भरतो, फार जास्त झाले तरीही. मॉडेलला दोन्ही कडा दाखवता यायला हव्यात.

१०. लहानावरून मोठा

कार यांच्या वरखाली हलणाऱ्या तबकड्यांच्या कॉलमसाठी एक सरळ नियम आहे: काही द्रवजोड्यांसाठी एका टप्प्याला लागणारी उंची व्यासाच्या ०.३८ घाताने वाढते. ५ सेंटिमीटरवरून १ मीटरवर गेलात तर उंची तिपटीहून जास्त. पैसे देणारा मालक हा आकडा ऐकून दचकतो. त्याला बॅकमिक्सिंगचे वक्र दाखवा, नियमाचं नाव सांगू नका. वक्र दिसले की बहुतेकांना पटतं.

११. पाण्यासोबत जाणारं सॉल्व्हंटही लिहा

मॉडेलचा शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात. ब्युटिल अ‍ॅसिटेट पाण्यात लिटरमागे सुमारे ७ ग्रॅम विरघळतं. दिवसाला १०० घनमीटर पाणी कॉलममधून जात असेल तर रोज ७०० किलो सॉल्व्हंट पाण्याबरोबर बाहेर. टोल्युइनचं प्रमाण लिटरमागे अर्धा ग्रॅम, म्हणजे तेवढ्याच पाण्यात ५० किलो; पण ते जास्त विषारी. थेंबांच्या रूपात वाहून जाणारं यात धरलेलंच नाही. कागदावरचा कॉलम ९९ टक्के पदार्थ काढतो म्हणून सगळे खूश, आणि खालून निघणाऱ्या पाण्याला सॉल्व्हंटचा वास.

हे पाणी कुठे जातं हे मुलांना मी विचारतो. नाल्यातून वेणा, धाम, वर्धा या नद्यांना. धामचं पाणी वर्धा शहर पितं. म्हणून माझ्या वर्गात एक्स्ट्रॅक्शन कॉलमचं मॉडेल एकटं जमा होत नाही. त्याच्या मागे वाफेने सॉल्व्हंट उडवणारा स्ट्रिपर जोडायचा, त्याला लागणारी वाफ आणि त्या वाफेचं इंधन मांडायचं, आणि परत मिळालेल्या सॉल्व्हंटची किंमत त्यातून वजा करायची. ७०० किलोच्या उदाहरणात हिशेब मांडून बघा: वाफेचा खर्च बहुधा सॉल्व्हंटच भागवतं. टोल्युइनच्या ५० किलोत तसं होईलच असं नाही. तिथे मालकाला स्ट्रिपर पदरच्या पैशाने बसवावा लागेल, आणि ते त्याला समोरासमोर सांगणं हेही या कामात येतं.